प्रशिक्षणात शिकलेली पद्धत वर्गात टिकत का नाही?

निशिगंध (प्रश्न)

नमस्कार. मी विशेष शिक्षिका आहे. माझ्या वर्गात ९ ते १३ वयोगटातील आठ विद्यार्थी असून त्यांपैकी पाच जणांना बौद्धिक अक्षमता आहे आणि तिघे स्वमग्न आहेत. या तिघांपैकी एका मुलीला बोलता येत नाही. माझ्या जोडीला एक मदतनीस ताई असतात.

सहा महिन्यांपूर्वी मी पुराव्याधिष्ठित अध्यापन पद्धतींच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते. दृश्य वेळापत्रक (दिवसाची कामे चित्रकार्डांनी क्रमाने दाखवणे), कृतीचे लहान लहान टप्पे पाडून शिकवणे, हळूहळू कमी करत न्यायची मदत, प्रबलन (बरोबर केल्यावर लगेच शाबासकी किंवा आवडीची गोष्ट देणे) आणि चित्रांच्या देवाणघेवाणीतून संवाद अशा पाच पद्धती तिथे शिकवल्या. परत आल्यावर मी त्या पाचही एकदमच सुरू केल्या. पहिले दोन आठवडे चांगले गेले. मग वेळापत्रकातील कार्डे बदलायची राहू लागली, नोंदवही मागे पडली आणि दोन महिन्यांनी भिंतीवर केवळ चित्रे उरली.

सर्वांत जास्त मला खुपते ते एका अकरा वर्षांच्या मुलाचे. हात धुण्याचे टप्पे मी त्याला चार महिने शिकवत आहे. नळ सोडणे त्याला येते, असे मला वाटते. परंतु प्रत्येक टप्प्याला तो माझ्याकडे पाहून थांबतो आणि मी हात पुढे केल्याशिवाय हलत नाही. मदतनीस ताई म्हणतात की हात धरून करून घेतले तर काम लवकर उरकते, आणि आठ मुलांच्या गडबडीत तेही खोटे नाही.

माझा प्रश्न असा आहे की या पद्धती संशोधनातून सिद्ध झालेल्या असतील, तर माझ्या वर्गात त्या विरून का गेल्या? पद्धतीची निवड चुकली, की माझ्याकडून त्या नीट राबवल्या गेल्या नाहीत? आणि हे मी ओळखायचे कसे?

ध्रुवपद

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो विचारणारे शिक्षक मला फार थोडे भेटले आहेत. पद्धत चुकली की अंमल चुकला, हे मुलाच्या प्रगतीकडे पाहून कळत नाही, कारण दोन्ही बाबतींत दिसणारे चित्र सारखेच असते: मूल पुढे सरकत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात, एक मुलाने काय केले याची आणि दुसरी आपण काय केले याची. बहुतेक वर्गांत पहिली नोंद अर्धवट असते आणि दुसरी नसतेच.

‘पुराव्याधिष्ठित’ या शब्दाचा नेमका अर्थ येथे महत्त्वाचा ठरतो. स्वमग्नतेविषयीचे पुरावे तपासणाऱ्या अमेरिकेतील नॅशनल क्लिअरिंगहाऊस ऑन ऑटिझम एव्हिडन्स अँड प्रॅक्टिस या गटाने २०२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. १९९० ते २०१७ या काळातील ९७२ संशोधन-लेख तपासून त्यांनी २८ पद्धती पुराव्याधिष्ठित ठरवल्या. यादीत येण्यासाठी लागणारा पुरावा ठरलेला होता. एकेका विद्यार्थ्यावर केलेल्या प्रयोगांच्या बाबतीत किमान पाच चांगले अभ्यास, तीन वेगवेगळ्या गटांनी केलेले आणि सर्व मिळून किमान वीस सहभागी असलेले, अशी अट होती. म्हणजे यादी आपल्याला एवढेच सांगते की प्रशिक्षित माणसाने, ठरलेल्या टप्प्यांनी, ठरलेल्या वेळा ही पद्धत राबवली तेव्हा त्या विद्यार्थ्यांत बदल झाला. ती हमी पद्धतीच्या नावाला लागू होत नाही, त्या टप्प्यांना लागू होते. भिंतीवर लावलेले आणि कोणीही हात न लावलेले वेळापत्रक म्हणजे ‘दृश्य वेळापत्रक’ ही पद्धत नव्हे. ते फक्त तिचे साहित्य आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की चार पद्धती सध्या बाजूला ठेवाव्यात आणि एक विद्यार्थी, एक कौशल्य व एक पद्धत एवढेच हाती घ्यावे. त्या पद्धतीत मोठ्या माणसाने काय काय करायचे, ते आठ-दहा वाक्यांत लिहून काढावे. उदाहरणार्थ, वेळापत्रकाच्या बाबतीत: कृती बदलायच्या आधी मुलाला वेळापत्रकाकडे नेले, त्याने स्वतः कार्ड काढले, कार्ड हातात घेऊन तो त्या जागी गेला, मी तोंडी सूचना पुन्हा पुन्हा दिल्या नाहीत, काम संपल्यावर कार्ड ‘झाले’च्या खिशात गेले. आठवड्यातून दोनदा कोणी तरी पाच मिनिटे उभे राहून या वाक्यांपुढे होय किंवा नाही अशी खूण करावी. कोणी मिळत नसेल तर मोबाईलवर चित्रीकरण करून स्वतः तपासावे. मात्र त्यासाठी पालकांची लेखी परवानगी आवश्यक आहे. दहापैकी किमान आठ खुणा ‘होय’ येईपर्यंत पद्धतीबद्दल निर्णय घेऊ नये. तेवढ्या येऊनही दोन-तीन आठवडे मुलाची नोंद हलली नाही, तर मात्र पद्धत बदलण्याचा विचार रास्त आहे.

आणि कृपया स्वतःला दोष देऊ नका. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात माणसाला पद्धत समजते. ती हातात बसत नाही. ऐकणे, पाहणे, स्वतः करून पाहणे आणि त्यावर लगेच कोणी तरी सांगणे, या चारही गोष्टी घडल्या तरच शिक्षकाचे कौशल्य तयार होते, आणि चौथी गोष्ट वर्गातच घडावी लागते. नवी पद्धत एखाद्या संस्थेत पूर्णपणे रुळायला दोन ते चार वर्षे लागतात, असे अंमलबजावणीचा अभ्यास करणारे संशोधक सांगत आले आहेत. तुम्ही पाच पद्धतींसाठी दोन महिने दिले होते आणि तेही एकट्याने. तुमच्या मुख्याध्यापकांकडे आणखी एका कार्यशाळेची मागणी करण्यापेक्षा, आठवड्यातून अर्धा तास तुमच्या वर्गात उभी राहू शकेल अशी एक अनुभवी सहकारी मागा.

पायवाट

ध्रुवपद यांच्याशी सहमत आहे. मी फक्त हात धुण्याच्या प्रश्नावर लिहिते, कारण तो माझ्या वर्गात मी दोन वेळा भोगला आहे.

तुमचा विद्यार्थी हट्टी नाही आणि आळशीही नाही. आपण नकळत शिकवलेले तो अचूक शिकला आहे. हात धुण्याच्या साखळीत प्रत्येक टप्प्याची खूण आधीच्या टप्प्यात असायला हवी: हात ओले झाले की साबण, फेस झाला की पाणी. त्याच्यासाठी मात्र ‘बाईंचा हात पुढे येणे’ हीच प्रत्येक टप्प्याची खूण झाली आहे. शिवाय मदतीने केलेल्या आणि स्वतः केलेल्या कृतीला सारखीच शाबासकी मिळत असेल, तर स्वतः करण्याचे कारणही उरत नाही.

येथे मला उपयोगी पडली ती ठरावीक विलंबाची पद्धत. बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसोबत ती अनेक दशके वापरली गेली असून तिला भरपूर पुरावा आहे. करणे सोपे आहे, पण काटेकोरपणा लागतो. पहिल्या काही सत्रांत विलंब शून्य असतो, म्हणजे सूचना दिल्याबरोबर लगेच मदत, जेणेकरून चूक होतच नाही. त्यानंतर सूचना आणि मदत यांच्यामध्ये चार सेकंद थांबायचे. या चार सेकंदांत बोलायचे नाही, मान हलवायची नाही, नळाकडे पाहायचेही नाही. त्याने स्वतः केले तर त्याच क्षणी त्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट द्यायची. केले नाही तर पूर्वीचीच मदत शांतपणे द्यायची, रागावायचे नाही, आणि प्रबलन साधे ठेवायचे. तो घाईने चुकीचे करू लागला तर अलगद थांबवून मदत करायची. असे वारंवार झाले तर त्याला आधी थांबायला शिकवावे लागते, ती वेगळी पायरी आहे.

मदत कोठून येते, यालाही फार महत्त्व आहे. समोर किंवा शेजारी उभे राहिलात तर त्याचे डोळे तुमच्यावरच राहतील. मागे उभे राहा आणि कोपराला हलका आधार द्या, म्हणजे त्याच्या नजरेसमोर फक्त नळ आणि साबण उरेल. मदत म्हणून प्रत्येक टप्प्याला तोंडी सूचना देणे शक्यतो टाळा. ‘आता साबण घे’ हे वाक्य सुरू करणे सोपे वाटते, पण पुढे काढून घेणे हाताच्या मदतीपेक्षा अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

आता मदतनीस ताईंविषयी. तुम्ही चार सेकंद थांबलात आणि त्या दोन सेकंदांतच हात धरू लागल्या, तर मूल एवढेच शिकेल की कोणाजवळ किती वेळ थांबायचे. दोघींचे सेकंद सारखे असायला हवेत. मी माझ्या मदतनीस ताईंना तोंडी समजावत राहिले, त्याचा उपयोग झाला नाही. मग मी विद्यार्थी झाले आणि त्यांनी मला शिकवले, नंतर उलट केले. चार सेकंद किती मोठे असतात ते त्या दिवशी आम्हा दोघींना कळले. गडबडीच्या वेळी शिकवण्याचा आग्रह धरू नका. दिवसातून एकदा निवांत वेळ ठरवा, तेव्हा पूर्ण शिकवा. बाकीच्या वेळी मागूनच, न बोलता मदत करा.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. ‘त्याला येते असे मला वाटते’ असे तुम्ही लिहिले आहे. तीन दिवस काहीही मदत न देता, दूर उभे राहून, प्रत्येक टप्प्याला तो काय करतो ते नोंदवा. ही आधाररेखा नसेल तर प्रगती झाली की नाही हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

नळांचेही पाहा. फिरवायचा, दाबायचा आणि दांडीचा असे निदान तीन प्रकारचे नळ सुरुवातीपासूनच आळीपाळीने वापरा. एका ठिकाणी शिकवून ते इतरत्र आपोआप जाईल अशी आशा बाळगणे, याला स्टोक्स आणि बेअर या संशोधकांनी १९७७ मध्येच ‘शिकवा आणि आशा करा’ असे नाव दिले होते. आपल्या क्षेत्रातील ही सर्वांत जुनी आणि अजूनही न सुटलेली सवय आहे.

शब्दसेतू

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. ध्रुवपद यांच्या एका सूचनेला माझा विरोध आहे. एकच पद्धत हाती घ्यावी, हे मान्य; पण न बोलणाऱ्या मुलीचा संवाद त्यासाठी ‘सध्या बाजूला’ ठेवू नये. हात धुणे एक महिना थांबू शकते. आपल्याला काय हवे आणि काय नको हे सांगण्याचे साधन थांबू शकत नाही.

चित्रांच्या देवाणघेवाणीची जी पद्धत तुम्ही शिकलात, ती अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केली. तिचे सहा टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसे लागतात: एक समोर, जिच्या हातात मुलीला हवी असलेली वस्तू आहे, आणि दुसरी मागे, जी न बोलता तिचा हात चित्रापर्यंत व तेथून समोरच्या हातापर्यंत नेते. या टप्प्यात ‘तुला काय हवे?’ असे विचारायचे नसते. वर्गांमध्ये सर्वाधिक चूक येथेच होते. विचारल्यावरच चित्र द्यायचे असे मूल शिकते आणि आपण होऊन काही सांगण्याची क्षमता, जी या पद्धतीचा प्राण आहे, तीच तयार होत नाही. तुमच्याकडे दोन माणसे आहेत, म्हणजे रोज दहा मिनिटे हे शक्य आहे. चित्रांची वही मात्र दिवसभर तिच्या हाताशी असू द्या. शिकवण्याचा तास संपल्यावर कपाटात जाणारी वही मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी एखाद्याचा आवाज कपाटात बंद केल्यासारखे वाटते.

चित्रे किंवा उपकरण दिल्यास मूल बोलणारच नाही, ही भीती पालक तुमच्याकडे बोलून दाखवतील. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी उपलब्ध अभ्यास तपासले. ज्या २७ विद्यार्थ्यांविषयीचा पुरावा भक्कम होता, त्यांपैकी एकाचेही बोलणे पर्यायी संवादामुळे कमी झाले नव्हते आणि बहुतेकांच्या बोलण्यात, थोडी का होईना, वाढ झाली होती.

पुराव्याचा आग्रह नको त्या गोष्टी नाकारण्यासाठीही लागतो, म्हणून एक इशारा देते. मदतनीसाने मुलाचा हात किंवा मनगट धरून अक्षरफलकावर संदेश लिहून घेण्याचा प्रकार कोणी सुचवला, तर तो स्वीकारू नका. नियंत्रित चाचण्यांत ते संदेश मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात, हे वारंवार दिसले आहे. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. ते पाहताना पालकांना होणारा आनंद खरा असतो, म्हणूनच नकार देणे कठीण जाते.

अबोल

मी शिक्षक नाही. माझी मुलगी आता १९ वर्षांची असून तिला बौद्धिक अक्षमता आहे. येथे सर्वांनी कसे शिकवावे याविषयी लिहिले आहे, आणि ते वाचून मला मनापासून बरे वाटले. पण काय शिकवावे हे कोण ठरवते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

माझ्या मुलीला एका ठिकाणी दोन वर्षे रंगांच्या जोड्या लावायला शिकवले. पद्धत उत्तम होती, नोंदी काटेकोर होत्या, आलेख चढता होता. त्याच काळात तिचे पोट दुखत असे आणि तिला ते सांगता येत नसे. ती स्वतःचा हात चावत असे. चावणे कमी करण्याचा वेगळा आराखडा होता. ‘दुखते आहे’ हे सांगायला शिकवण्याचा आराखडा नव्हता. पुढे एका दुसऱ्या शिक्षिकेने सहा आठवड्यांत तिला एक चित्र शिकवले आणि चावणे जवळजवळ थांबले. नंतर मला कळले की एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्येच हे प्रयोगाने दाखवले होते: त्रासदायक वर्तन ज्यासाठी होते, तेच मिळवण्याचा सोपा मार्ग मुलाला शिकवला की ते वर्तन कमी होते. म्हणजे ज्ञान होते. ते माझ्या मुलीपर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली.

माँट्रोझ वुल्फ या संशोधकाने १९७८ मध्ये तीन प्रश्न मांडले होते: उद्दिष्ट समाजाला खरोखर महत्त्वाचे वाटते का, वापरलेला मार्ग संबंधितांना मान्य आहे का आणि मिळालेल्या परिणामावर ते समाधानी आहेत का. या तिन्ही प्रश्नांत मी आणखी एक व्यक्ती घालेन, स्वतः विद्यार्थी. हात धरून करून घेताना मूल हात मागे ओढते, तेव्हा ते काही तरी सांगत असते. लहानपणी प्रत्येक वेळी शरीर दुसऱ्याच्या हाती द्यायला शिकलेली मुले मोठी होतात आणि नको त्या स्पर्शालाही नाही म्हणू शकत नाहीत, ही भीती मला रात्री झोपू देत नाही. आपल्यावर झालेल्या अशा शिकवणीविषयी अनेक स्वमग्न प्रौढांनी लिहिले आहे. शिक्षकांनी ते वाचावे, अशी माझी विनंती आहे.

निशिगंध ताई, हात धुणे हे उद्दिष्ट चांगलेच आहे, ते त्याला आयुष्यभर लागेल. फक्त त्याने हात मागे घेतला तर थांबा आणि तसे नोंदवहीतही लिहा.

निशिगंध

सर्वांची उत्तरे मी छापून घेतली आणि मदतनीस ताईंसोबत वाचली. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

आधाररेखेने मला पहिल्याच दिवशी अस्वस्थ केले. मी दाराआड उभी राहिले तेव्हा त्याने नऊपैकी पाच टप्पे स्वतः केले. दुसऱ्या दिवशीही पाच, तिसऱ्या दिवशी चार. म्हणजे चार महिने मी त्याला येत असलेल्या गोष्टींतही मदत करत होते. त्यानंतर आम्ही रोज एक निवांत सत्र ठेवले, तीन दिवस शून्य विलंब आणि मग चार सेकंद. आमची एकमेकींची तपासणी पहिल्या आठवड्यात दहापैकी सहा आली; मी बोलून सूचना देत होते आणि ताई लवकर हात पुढे करत होत्या. आता ती नऊ आहे. तो सात टप्पे स्वतः करतो. दोनदा त्याने हात मागे घेतला, दोन्ही वेळा आम्ही थांबलो. त्या दोन्ही दिवशी पाणी फार गार होते, हे नोंद पाहताना लक्षात आले.

मुलीची वही तिच्या कमरेला लावली आहे. अजून पहिलाच टप्पा चालू आहे, पण परवा ती मी काही न विचारता ताईंकडे चित्र घेऊन गेली.

एक अडचण उरली आहे. साबणाच्या टप्प्यावर चार सेकंद संपतात आणि तो बाटलीवर नुसता हात ठेवून उभा राहतो. बारा सत्रांत एकदाही झाले नाही. विलंब वाढवून आठ सेकंद करावा का?

पायवाट

विलंब वाढवू नका. हात बाटलीवर जातो आहे, म्हणजे काय करायचे ते त्याला कळले आहे. बहुधा दाबण्याइतका जोर बोटांत नाही किंवा बाटली सरकते. उद्या त्या जागी साबणाची वडी ठेवून पाहा. दोन-तीन दिवसांत टप्पा झाला, तर अडचण बाटलीची होती. वडीनेही झाला नाही, तर व्यवसायोपचारतज्ज्ञांना (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्यांना) एकदा त्याची पकड पाहायला सांगा आणि तोपर्यंत त्या एका टप्प्याला मदत चालू ठेवून बाकीचे आठ त्याच्याकडेच राहू द्या.